दुबार मारला

वृंदा देवस्थळीचा जन्म दिल्लीतला, शाळा पहाडगंजची, सासर करोल बागेत. तरी आपल्या मराठीला कुणी नाव ठेवलेलं तिला खपत नसे. ओळखीच्या मराठी घरांतली मुलं 'अच्छा, चलो, बिल्कुल'वर भागवायला लागली, तेव्हाही तिने स्वतःच्या घरात मराठी नेटाने टिकवली होती. बावीस वर्षं ती भाषांतराचं काम करत होती. कुणाचं मृत्युपत्र, कुणाचा जन्मदाखला, कधी कोर्टाचे कागद. हेमलता नावाच्या बाईंची करोल बागेतच एजन्सी होती, त्या काम पाठवायच्या आणि वृंदा वेळेआधी करून द्यायची. एवढ्या वर्षांत तिचा एकही कागद परत आला नव्हता.

म्हणून सोमवारी सकाळी आलेलं पत्र तिने निवांतपणे, चहा पिता पिता उघडलं. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती. तिथल्या एका अपघाताची चौकशी चालू होती, आणि चौकशी अधिकारी म्हणून नेमलेल्या अनुराग सक्सेना या वकिलांनी तिला गुरुवारी अकरा वाजता बोलावलं होतं. तिने केलेलं भाषांतर बरोबर आहे, एवढंच लिहून सही करायची होती. दहा मिनिटांचं काम.

ते भाषांतर पाच आठवड्यांपूर्वीचं होतं. हरिदास टेकाळे, वय सव्वीस, लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याकडचा. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर काम करायचा. मशीनखाली हात सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने दवाखान्यात जाऊन मोबाइलवर त्याचा जबाब घेतला. हरिदास मराठीत बोलला, कारण त्या दिवशी त्याला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. वृंदाने ते ऐकून हिंदी करून दिलं. ते त्याला वाचून दाखवलं गेलं आणि त्याने खाली डाव्या हाताचा अंगठा दिला.

सही करण्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून तिने फाइल उघडली. दीड पान मजकूर. मधोमध ते वाक्य होतं: 'मैंने पैडल मारा, प्रेस नीचे आया, माल निकालने के लिए हाथ डाला और मैंने दोबारा पैडल मारा।'

वाचून ती पुढे गेली. मग परत मागे आली. हात मशीनमध्ये असताना कुणी पायाने पेडल मारेल? घाईत मारेलही, सवयीनं मारेल. पण त्या वाक्यातला दुसरा 'मैंने' तिला डोळ्यात कुसळ गेल्यासारखा खुपायला लागला. तिने ध्वनिमुद्रण शोधून काढलं आणि इअरफोन लावले.

पंख्याची घरघर, कुणाचं तरी खोकणं, आणि हरिदासचा कोरडा आवाज. "पायडल मारलं. प्रेस आला. माल काढाया हात घातला. अन् दुबार मारला."

बस्स. 'मी' कुठेच नव्हता. दुसऱ्या वेळी 'पायडल'ही नव्हतं. हे दोन्ही शब्द वृंदाने स्वतःच्या पदरचे घातले होते. हिंदीत वाक्य अर्धवट वाटत होतं म्हणून तिने ते पुरं केलं होतं.

तिने पुन्हा ऐकलं. पायडल मार*लं*. दुबार मार*ला*. पेडलबद्दलच बोलत असता तर दोन्हीकडे 'मारलं'च म्हणाला असता ना? 'मारला' म्हणजे मारला काय? ठोका मारला, दणका मारला, तसा 'दुबार' मारला? आणि तो मारला कुणी? हिंदीत इकडेही 'मारा', तिकडेही 'मारा'. तिथे हा फरक पुसूनच गेला होता. पण खरंच तो 'मारला'च म्हणतोय का? पंख्याच्या आवाजात शेवटचं अक्षर कधी 'ला' वाटायचं, कधी 'लं'. दुपारपर्यंत तिने ते वाक्य तीसेक वेळा ऐकलं. शेवटी तर तिला तो आवाज नळाच्या पाण्यातही ऐकू यायला लागला.

कोशात 'दुबार' होता. दुसऱ्यांदा, पुन्हा, दुसऱ्या खेपेस. त्याने काहीच सुटलं नाही. दुसऱ्यांदा काय झालं हा प्रश्नच नव्हता, ते कुणी केलं हा होता. हरिदासने दोनदा पेडल मारलं असेल तर चूक त्याची. मशीन आपण होऊन दुसऱ्यांदा खाली आलं असेल तर त्याची काहीच चूक नाही. आणि हे ठरवणारं वाक्य तिने, करोल बागेतल्या जेवणाच्या टेबलावर बसून, पाच आठवड्यांपूर्वी लिहून टाकलं होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. अविनाश मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाला होता. कागद एकदा पुढे गेला की तो आपला राहत नाही, हे त्याचं ठाम मत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की त्या मुलाला हिंदी समजते ना, त्याला वाचून दाखवलं होतं ना, त्याने अंगठा दिला ना? मग तू का जीव जाळतेस?

"त्याला 'दोबारा' ऐकून आपलाच 'दुबार' वाटला असेल," वृंदा म्हणाली. "सारखेच तर लागतात कानाला."

"वाटला असेल, असेल. तुला तरी नक्की माहीत आहे का?" अविनाश म्हणाला. "आता दुरुस्ती मागितलीस ना, तर तुझं आधीचं प्रत्येक काम लोक उकरून बघतील. बावीस वर्षांचं."

त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. मंगळवारचा दिवस तिने फोनभोवती घिरट्या घालत काढला. जबाबाच्या कागदावर हरिदासचा नंबर होता. फोन करून सरळ विचारावं, बाबा, तू मारलंस की मशीननं? दोनदा तिने अर्धा नंबर लावला आणि खोडला. तिने विचारलं की त्याला कळणारच, कुठलं उत्तर सोयीचं आहे ते. मग तो खरं सांगेल कशावरून? आणि खरं सांगितलं तरी उद्या कुणी त्यावर विश्वास ठेवेल? नाही, त्याला विचारायचं नाही. त्याच्याकडचे लोक 'दुबार' कशाला म्हणतात, एवढंच शोधायचं. ते कळलं तर वाक्य आपोआप उलगडेल.

जबाबात त्याचा पत्ता होता: भीमाबाईची खानावळ, मानेसर गाव, तिथली वरची खोली. हरिदास स्वतः दवाखान्यातून सुटल्यावर निलंग्याला गेला होता, तो गुरुवारीच येणार होता. बुधवारी सकाळी वृंदाने अविनाशला बँकेत जाते म्हणून सांगितलं आणि मेट्रो पकडली. गुरुग्रामला उतरून दोन शेअर ऑटो बदलून ती मानेसरला पोचली, तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. कारखान्यांच्या मागे गाव होतं, गावात तिमजली चाळीसारख्या इमारती, आणि एका इमारतीच्या तळाशी पत्र्याच्या छपराखाली पन्नाशीची एक बाई परातीत ज्वारीचं पीठ मळत बसली होती.

भीमाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. कुठल्या म्हणायच्या तुम्ही? वृंदाने सांगितलं, की करोल बागेतून आले, भाषांतराचं काम करते, मराठवाड्याकडचं बोलणं ऐकायचं होतं. यातलं काहीच खोटं नव्हतं आणि तरी ते बोलताना तिचे कान तापले. भीमाबाईंना या उत्तरात काही विचित्र वाटलं नसावं. त्यांनी तिला स्टूल दिलं, चहा दिला, आणि आपण औशाकडच्या, नवरा इथेच ड्रायव्हर होता, आता लातूर-नांदेडकडची वीस-बावीस पोरं आपल्याकडे जेवतात, वगैरे सांगत भाकरी थापायला घेतल्या. वृंदा मान हलवत होती, पण तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. कंपनीचं कुणी आलं तर? चौकशी गुरुवारी आणि आपण बुधवारी इथे. कुणी पाहिलं तर काय सांगणार?

साडेतीनला कंपनीची बस नाक्यावर थांबली आणि सकाळच्या पाळीची पोरं येऊ लागली. पहिला पोरगा चप्पल काढत होता, तेवढ्यात भीमाबाईंनी तव्यावरची नजर न काढता विचारलं, "दुबार?"

"न्हाई मावशे," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसरा आला. त्यालाही तेच. त्यानेही नाही म्हटलं. तिसरा उंच होता, त्याने आधी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मग म्हणाला, "चार नंबरनं मारला सकाळी एक. हात भायेर होता. नुसता पीस गेला."

भीमाबाईंनी त्याच्या ताटात एक भाकरी जास्त टाकली.

वृंदाने हातातला कप खाली ठेवला. आवाज शक्य तितका साधा ठेवून तिने विचारलं, की हे दुबार दुबार काय?

"मशीनचं असतंय ते," भीमाबाई म्हणाल्या. "एकदा पायडल मारलं की एकदाच खाली यावं का न्हाई? तर ते कवा कवा कुणी न सांगता परत येतं. पोरांनी त्याला नाव ठिवलंय."

"आणि माणसानंच दोनदा मारलं तर?"

"ते दोनदा मारलं." भीमाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "माणूस दुबार मारत न्हाई, बाई. दुबार मशीन मारतंय. आमचा एक पोरगा बसलाय की बोटं घालवून."

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. वृंदाच्या तोंडाशी आलं होतं, की त्याचंच वाक्य मी बिघडवलंय. पण आठ-दहा पोरं जेवत होती, आणि तिला धीर झाला नाही. ती उठली, बरं वाटलं भेटून म्हणाली आणि जवळजवळ पळतच ऑटोपर्यंत आली. उत्तर मिळालं होतं, पण बरं काही वाटत नव्हतं. पाच आठवडे तो मुलगा आपल्या शब्दांनी गुन्हेगार होऊन बसला होता.

घरी आल्यावर तिने अविनाशला बँकेचं खोटं होतं हेही सांगून टाकलं. तो रागावला नाही. म्हणाला, की दुरुस्ती मागायचीच असेल तर माग, पण मानेसरला गेल्याचं चुकूनही बोलू नकोस. ध्वनिमुद्रण परत ऐकलं, चूक लक्षात आली, एवढंच पुरे.

गुरुवारी ती साडेदहालाच हजर झाली. सक्सेना बारीक चणीचे, अतिशय नीटनेटके गृहस्थ होते. त्यांच्याशेजारी कंपनीचा प्रतिनिधी बसला होता. हरिदास समोरच्या खुर्चीवर होता, उजवा हात मोठ्या रुमालात गुंडाळलेला. वृंदाने त्याचा आवाज इतक्या वेळा ऐकला होता, की तो इतका लहान दिसेल असं तिला वाटलंच नव्हतं.

तिने सही करायला नकार दिला. हिंदीत, अडखळत, तिने सांगितलं की या वाक्यात 'मैंने' आणि 'पैडल' हे दोन शब्द मी घातले आहेत, मुळात ते नाहीत. 'मारलं' आणि 'मारला' यांतला फरक तिने समजावायचा प्रयत्न केला. सक्सेना पेन खाली ठेवून ऐकत होते.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, की मूळ वाक्यात कर्ता नाही हे मान्य. पण कर्ता मशीन आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? कोशात तसं आहे का?

नाही, ती म्हणाली.

मग तुम्हाला हे कुणी सांगितलं?

खोलीतला पंखा फिरत होता. अविनाशचं वाक्य तिला आठवत होतं. ध्वनिमुद्रण परत ऐकलं, एवढंच म्हणायचं होतं. पण एक वाक्य स्वतःच्या सोयीने पुरं करून झालं होतं. दुसरं करायला तिची जीभ रेटेना. तिने सांगितलं, की मी काल मानेसरला गेले होते आणि या कामगाराच्या खानावळीत हा शब्द ऐकला.

कंपनीचा प्रतिनिधी ताडकन उभा राहिला. दुभाषी कामगारांना आधीच जाऊन भेटते, मग या दुरुस्तीला काय अर्थ, असं तो म्हणाला आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. ज्या गोष्टीने तिला खात्री दिली होती, तिच्यामुळेच आता तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

सक्सेनांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग वाचून दाखवलं. श्रीमती देवस्थळी यांना या कामातून मुक्त करण्यात येत आहे. त्यांची दुरुस्ती स्वीकारता येत नाही. मात्र दोन शब्द मुळात नाहीत हे ध्वनिमुद्रणावरून दिसतं, म्हणून या जबाबावर विसंबता येणार नाही. कामगाराचा जबाब पंधरा दिवसांनी, दुसऱ्या दुभाष्यासमोर, नव्याने घेतला जाईल.

त्या पंधरा दिवसांत हेमलताबाईंचा फोन आला. त्या गोड बोलल्या, पण कारखान्यांची आणि कोर्टाची कामं आता तुम्हाला देता येणार नाहीत, हे त्यांनी सांगितलं. वृंदाने वाद घातला नाही. तिला भीती वेगळीच होती. नवा दुभाषी शार्दूल नावाचा, ओळखीच्या मराठी घरातला, दिल्लीतच वाढलेला मुलगा होता. त्याला तरी 'दुबार' कळेल का? तोही वाक्य पुरं करून टाकेल का?

नव्या जबाबाच्या दिवशी तिला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती गेली आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. दाराआड कधी हिंदी ऐकू येई, कधी मराठी, शब्द लागत नसत. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. शार्दूल बाहेर आला, तिला ओळखून थांबला. म्हणाला, की काकू, मला तो शब्द माहीतच नव्हता, म्हणून मी सरळ त्यालाच विचारलं, दुबार म्हणजे काय. तर मशीन आपणहून परत कसं खाली येतं, ते त्याने डाव्या हाताने टेबलावर करून दाखवलं. सक्सेनासाहेबांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

वृंदाने डोळे मिटून घेतले. इतकं सोपं होतं ते.

हरिदास मागून आला. तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला की तुम्ही खानावळीत येऊन गेल्याचं मावशीनंही फोनवर सांगितलं होतं. वृंदाने त्याला सगळं सांगितलं. चूक कशी झाली, कधी कळली, फोन लावून कसा खोडला. माफी मागितली.

"मला का नाही इचारलं?" शेवटी तो म्हणाला.

ती सांगायला लागली, की मी विचारलं असतं तर लोकांना वाटलं असतं, मीच तुला शिकवलं.

"लोकांचं सोडा. तुमाला काय वाटलं असतं?"

तो खोटं बोलेल, असं तिला वाटलं होतं. तो कोण, कसा, हे काहीच माहीत नसताना वाटलं होतं, आणि त्याला ती आपली सचोटी समजली होती.

"मी खरंच सांगितलं असतं," हरिदास म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला ते जास्त लागलं.

महिन्याभराने निकाल लागला. कामगाराचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, आणि प्रेसची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, असं सक्सेनांनी लिहिलं होतं. हरिदासला कंपनीच्याच स्टोअरमध्ये काम मिळालं. तपासणीचं मात्र कुणी नाव काढेना. प्रेस आठ दिवस बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला. भीमाबाई अजून दारातच पोरांना विचारत होत्या.

एका रविवारी हरिदासचा फोन आला. पोरांना कारखाने निरीक्षकाकडे अर्ज करायचा होता, हिंदीत. त्याने बरेच आढेवेढे घेऊन विचारलं, की तुमी लिहून द्याल का.

वृंदाने कागद ओढला. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. दुसऱ्याच ओळीला तिने थांबवलं आणि विचारलं, "इथं 'प्रेस बंद केला, मग परत चालू केला' म्हणतोस, ते कुणी केलं?"

"सुपरवायझरनं."

"सुपरवायझरनं, असं लिहू?"

पलीकडे तो क्षणभर घुटमळला. कुणाला तरी विचारत असावा. वृंदा पेन तसंच धरून थांबली. तिने पुढचा शब्द लिहिला नाही.

"लिवा," तो म्हणाला. "आन् वाचून दावा."